घ्यायचं माप, द्यायचं माप : पेटंटच्या दाव्यातला शब्द किती रुंद?



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हे वकिलांचं काम, इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाने कशाला नाक खुपसावं? पेटंटच्या दाव्यात एक शब्द लिहिलेला असतो. त्याचा अर्थ व्यापक घ्यायचा की नेमका, यावर कोर्टात वर्षानुवर्षं खटले चालतात. वकील त्यावर बोलणारच. पण प्रश्न मुळात अर्थाचा आहे, आणि शब्दाचा अर्थ हा आमच्या विषयाचा फार जुना धंदा आहे. दुसरं असं, की ह्या राजूर-भोकरदन भागातली पोरं आता जालन्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांत काम करतात, काहींनी स्वतःची वर्कशॉप टाकली आहेत. त्यांच्या पोटापाण्याशी हा विषय कसा येऊन भिडतो, तेही आज बघायचं आहे.

सुरुवात साध्या उदाहरणाने करू. समजा, अंगारकी चतुर्थी आहे, राजुरेश्वराच्या दर्शनाला गर्दी लोटली आहे, आणि पोलिसांनी रस्त्यावर पाटी लावली : 'पुढे वाहनांना बंदी'. जीप अडवली, मोटारसायकल अडवली, कोणाचा वाद नाही. बैलगाडी? पाण्याचा टँकर? अपंग भाविकाची तीनचाकी? आणि एखादा खवचट म्हणेल, गणपतीचं वाहन तर गाभाऱ्यातच बसलंय, त्याला बाहेर काढणार का? इंग्लंडमधले कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ साली बागेतल्या वाहनबंदीचं असंच उदाहरण घेतलं होतं. त्यांचं म्हणणं, प्रत्येक शब्दाला एक पक्का गाभा असतो आणि त्याच्या भोवती एक धूसर कड असते. भांडणं होतात ती कडेवर.

पण पाटी आणि पेटंट यांत एक मोठा फरक आहे. पाटी लिहिणाऱ्या हवालदाराला 'वाहन' ह्या शब्दाचा अर्थ वाढला काय आणि आक्रसला काय, पदरात काही पडत नाही. पेटंटमध्ये मात्र जो शब्द लिहितो तोच त्या शब्दाच्या कुंपणाचा मालक होतो. वीस वर्षं त्या कुंपणात दुसऱ्याला पाऊल ठेवता येत नाही. म्हणजे लेखक आणि लाभार्थी एकच. ही गोष्ट नजरेआड केली, की पेटंटच्या अर्थाची सगळी चर्चा भरकटते.

आता दावा म्हणजे काय ते बघू. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १० नुसार अर्जदाराला आपल्या शोधाचं पूर्ण वर्णन द्यावं लागतं, आणि त्या वर्णनाच्या शेवटी दावे लिहावे लागतात. वर्णन सांगतं की आम्ही काय केलं. दावा सांगतो की त्यातलं आमच्या मालकीचं किती. दावा स्पष्ट आणि नेमका असावा, आणि वर्णनात जे उघड केलं आहे त्याच्या आधारावर उभा असावा, असंही तेच कलम म्हणतं.

ज्यांनी न्यायशास्त्र थोडं वाचलं आहे त्यांच्या लगेच लक्षात येईल की हे 'लक्षण' आहे. आपल्या परंपरेत लक्षणाचे तीन दोष सांगतात, आणि उदाहरण गायीचं देतात. गाय म्हणजे तांबूस रंगाचं जनावर, असं म्हटलं तर पांढरी गाय सुटली. ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर म्हटलं तर म्हैसही आत आली. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे अखंड खुराचं जनावर म्हटलं तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव. मग निर्दोष लक्षण कोणतं? जिच्या गळ्याखाली पोळी लोंबते ती गाय.

पेटंटच्या दाव्याला हेच तीन दोष लागतात. दावा फार अरुंद झाला तर नक्कल करणारा कडेने निसटतो. फार रुंद झाला तर आधीपासून जगात असलेली वस्तू आत येते आणि दावाच बाद होतो. आणि वर्णनात नसलेलं काही दाव्यात घातलं तर त्याला पायाच राहत नाही.

आपल्या शास्त्र्यांकडे ह्यावर एक पद्धत होती, तिचं नाव पदकृत्य. लक्षणातलं एकेक पद उचलायचं आणि विचारायचं, बाबा रे, तू इथे काय काम करतोस? तुला काढलं तर कोणता दोष येईल? ज्या पदाला काम नाही ते पद लक्षणात नको. आणि ज्याला काम आहे ते पद मग सोयीसाठी विसरता येत नाही. तर्कसंग्रह शिकलेल्या मुलाला हे पहिल्या वर्षी येतं. आमचं म्हणणं आज एवढंच आहे की पेटंटचा दावा वाचायची ह्याहून चांगली पद्धत आम्हाला माहीत नाही, आणि आपल्या एका गाजलेल्या खटल्यात ती वापरली असती तर गुंता बराच कमी झाला असता.

त्या खटल्याकडे जाण्याआधी 'व्यापक अर्थ' कुठून आला ते पाहू. एक काल्पनिक दावा घेऊ. गाडीच्या सीटमधल्या दिव्याचा. समजा, कोणी लिहिलं : 'वाहनाचं सीट, ज्याला एक दिवा जोडलेला आहे, आणि दार उघडल्यावर तो दिवा पायाजवळची जागा उजळतो.' पेटंट कार्यालयातला परीक्षक जुने कागद धुंडाळतो. त्याला एक जुनं पेटंट सापडतं. त्यात सीट पुढेमागे सरकतं त्या रुळावर दिवा बसवलेला आहे. परीक्षक म्हणतो, सीट म्हटलं की रूळही आला, म्हणून तुमचं नवीन काही नाही. अर्जदार अपिलात जातो आणि म्हणतो, साहेब, सीट म्हणजे ज्यावर माणूस बसतो ते. रूळ हा गाडीच्या फरशीचा भाग. तुम्ही शब्द फारच ताणला.

कोण बरोबर? अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचा नियम असा आहे की अर्ज तपासताना शब्दाचा सर्वांत व्यापक वाजवी अर्थ घ्यायचा, आणि तो वर्णनाशी सुसंगत असला पाहिजे. ऐकताना हा अन्याय वाटतो. पण कारण समजून घ्या. अर्ज अजून मंजूर झालेला नाही, शब्द अजून ओला आहे. अर्जदाराला 'सीट' खोडून 'सीटची गादी' लिहिता येतं. परीक्षकाने शब्द रुंद करून दाखवला की अर्जदाराला कळतं, आपल्या कुंपणात शेजाऱ्याची जमीन येतेय. मग तो कुंपण आत घेतो. इथे व्यापक अर्थ हा शिक्षा म्हणून नसतो. लिहिणाऱ्याने स्वतःच आपला शब्द नेमका करावा, म्हणून तो असतो.

मात्र त्या नियमात 'व्यापक' बरोबर 'वाजवी' हाही शब्द आहे, आणि घाईत तो गळून पडतो. २०१७ मध्ये स्मिथ इंटरनॅशनल कंपनीच्या प्रकरणात हेच झालं. विषय जमिनीत भोक पाडणाऱ्या ड्रिलिंगच्या अवजाराचा होता. दाव्यात 'बॉडी' हा शब्द होता. कार्यालयाच्या अपील मंडळाने म्हटलं, बॉडी हा मोघम शब्द आहे, त्यात आतले बाकीचे भागही धरता येतील, वर्णनात तसं करायला मनाई कुठे आहे? वरच्या कोर्टाने, म्हणजे फेडरल सर्किटने, हे फिरवलं. वर्णनात मनाई नाही एवढ्यावर अर्थ वाजवी ठरत नाही. वर्णनात तो शब्द प्रत्यक्ष कसा वापरला आहे ते बघायचं. त्या वर्णनात बॉडी आणि बाकीचे भाग वेगवेगळे सांगितले होते. आपल्या काल्पनिक सीटलाही हेच लागू. वर्णनाने सीट आणि रूळ वेगळे मोजले असतील तर परीक्षक चुकला. वर्णनच 'गादी, पाठ, चौकट आणि रूळ मिळून सीट' म्हणत असेल तर अर्जदार चुकला. म्हणजे अपिलाचा निकाल शब्दकोशात मिळत नाही, अर्जदाराच्या स्वतःच्या पानांत मिळतो.

गाडीतलंच आणखी एक उदाहरण. क्वोझो नावाच्या संशोधकाने वेगमर्यादा दाखवणारं यंत्र काढलं. स्पीडोमीटरवर एक लाल पट्टा, आणि जीपीएसच्या मदतीने तो पट्टा त्या रस्त्याच्या मर्यादेप्रमाणे सरकतो. दाव्यात म्हटलं होतं की स्पीडोमीटर आणि रंगीत पट्टा एकमेकांना 'एकसंध जोडलेले' आहेत. हे शब्द तपासणीच्या वेळी घातले गेले, कशासाठी, तर एका जुन्या पेटंटपासून आपला शोध वेगळा दाखवण्यासाठी. पुढे गार्मिन कंपनीने त्या पेटंटला आव्हान दिलं. आता मालकांना तोच शब्द सैल हवा होता. एकाच पडद्यावर दोन्ही दिसत असेल तरी ते 'एकसंध जोडलेलं'च, असं त्यांचं म्हणणं. मंडळाने ते मानलं नाही. जोडलेले म्हणजे आधी दोन वेगळे भाग असले पाहिजेत, असं मंडळ म्हणालं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २० जून २०१६ रोजी न्यायालयाने मंजूर झालेल्या पेटंटच्या अशा फेरतपासणीतही व्यापक वाजवी अर्थाचा नियम वापरायला कार्यालयाला मुभा दिली. पुढे नोव्हेंबर २०१८ पासून कार्यालयाने ह्या आव्हानांसाठी कोर्टाचीच कसोटी स्वीकारली. नव्या अर्जांच्या तपासणीत मात्र व्यापक अर्थाचा नियम कायम आहे.

आमच्या दृष्टीने ह्यात नियमापेक्षा त्या एका शब्दाचा प्रवास महत्त्वाचा आहे. आत शिरताना शब्द घट्ट, आत बसल्यावर शब्द सैल. मोंढ्यात धान्य घेणारा व्यापारी दोन मापं ठेवायचा, घ्यायचं एक आणि द्यायचं एक. इथे तेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ सालीच ह्यावर साधी कसोटी सांगून ठेवली आहे : जी वस्तू नंतर आली तर तुमच्या पेटंटचा भंग करते, तीच वस्तू आधी आलेली असेल तर तुमचं पेटंट पाडते. माप एकच.

आता घरचा खटला. बजाज ऑटो विरुद्ध टीव्हीएस मोटर. वाळूजमुळे बजाज आपल्याला शेजाऱ्यासारखी, म्हणून नीट ऐका.

२००२ साली बजाजने मुंबईत पेटंटचा अर्ज केला. २००५ मध्ये पेटंट मिळालं, क्रमांक १९५९०४. पल्सरवर 'डीटीएस-आय' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, त्यामागचं हे तंत्र. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं पातळ मिश्रण जाळलं तर इंधन वाचतं, पण ते हळू पेटतं. एका प्लगने ठिणगी टाकली तर ज्वाळा ह्या टोकापासून त्या टोकाला पोचायला वेळ घेते. दोन बाजूंनी दोन स्पार्क प्लग लावले तर लवकर आणि नीट जळतं. छोट्या इंजिनात अडचण जागेची. दुसरा प्लग बसवायचा कुठे, आणि त्याच्यापर्यंत वंगणाचं तेल पोचू द्यायचं नाही कसं? त्यासाठी एक प्लग स्लीव्हमध्ये बसवला. दाव्यात पाच गोष्टी एकत्र होत्या : चार स्ट्रोकचं इंजिन, दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, सिलिंडरचा बोअर ४५ ते ७० मिलिमीटर, दोन स्पार्क प्लग, आणि त्यातला एक स्लीव्हमध्ये.

२००७ मध्ये टीव्हीएसने १२५ सीसीची 'फ्लेम' आणली. बोअर ५४.५ मिलिमीटर. स्पार्क प्लग दोन. व्हॉल्व्ह मात्र तीन. बजाज म्हणाली, हा आमच्या पेटंटचा भंग. टीव्हीएस म्हणाली, आमचं तंत्र ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीबरोबर विकसित केलेलं आहे, दोन प्लग तर होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटमध्येही आहेत, आणि आमचे व्हॉल्व्ह तीन आहेत. दोन्ही कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. १६ फेब्रुवारी २००८ रोजी एकल न्यायाधीशांनी दाव्याचा हेतू बघून अर्थ लावला, शोधाचं सार दोन प्लगमध्ये आहे असं धरलं, आणि बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. टीव्हीएसला एकाच प्लगची फ्लेम विकावी लागली. १८ मे २००९ रोजी अपिलात खंडपीठाने मनाई उठवली. व्हॉल्व्हच्या फरकाला तिथे वजन मिळालं. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, हिशेब ठेवायला सांगितलं, आणि मूळ दावा ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत निकाली काढा म्हटलं. तो तसा निघाला नाही. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. 'दोन व्हॉल्व्ह' ह्या शब्दांत तिसरा व्हॉल्व्ह बसतो का, ह्याचं अंतिम उत्तर कोणत्याही न्यायालयाकडून मिळालं नाही.

एकल न्यायाधीशांचा आदेश अंतरिम होता, पूर्ण पुरावा समोर आलेला नव्हता, हे मान्य करूनच आम्ही त्याच्या अर्थ लावण्यावर टीका करतो आहोत. अंतरिम आदेश असला तरी त्याने एक वाचनपद्धत रूढ होते, म्हणून ती तपासली पाहिजे.

दाव्यात दोन प्रकारचे आकडे होते. एक, ७० मिलिमीटर. दुसरा, दोन व्हॉल्व्ह. बजाजचा युक्तिवाद बघा. होंडाचं पेटंट आमच्या आड येत नाही, कारण आमचा शोध छोट्या बोअरचा आहे. म्हणजे ७० चा आकडा घट्ट धरायचा. आणि टीव्हीएसचा तिसरा व्हॉल्व्ह बिनमहत्त्वाचा, कारण शोधाचं सार दोन प्लगमध्ये आहे. म्हणजे दोनचा आकडा सैल सोडायचा. एकाच वाक्यातल्या दोन आकड्यांना दोन मापं! जुन्यापासून बचाव करायचा तेव्हा आकडा लोखंडाचा, नव्याला पकडायचं तेव्हा आकडा रबराचा.

आता पदकृत्य करू. 'दोन व्हॉल्व्ह' हे पद दाव्यात काय काम करतं? २००२ मध्ये तीन व्हॉल्व्हची इंजिनं कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. १९९७ च्या मर्सिडीजच्या व्ही-सिक्स इंजिनात दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग होते. ते इंजिन मोठ्या बोअरचं. म्हणजे दावा लिहिणाऱ्याला तीन व्हॉल्व्ह माहीत असू शकत होते, आणि तरीही त्याने दोन लिहिले. शिवाय हा सगळा शोध जागेच्या अडचणीतून निघाला आहे. ५४ मिलिमीटरच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह आणि दोन प्लग बसवणं एक, तीन व्हॉल्व्ह आणि दोन प्लग बसवणं दुसरं. जिथे जागा हाच प्रश्न, तिथे व्हॉल्व्हची संख्या ही सजावट म्हणता येत नाही. त्या पदाला काम आहे.

कोणी म्हणेल, ज्याच्याकडे तीन आहेत त्याच्याकडे दोन आहेतच की. तर्काने हे खरं आहे. पण आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या कायद्याचं उदाहरण घ्या. तिथे उमेदवाराच्या अपत्यांबद्दल अट आहे. कायद्याने नुसतं 'दोन' लिहून सोडलं नाही, 'दोनपेक्षा जास्त' असं लिहिलं. का? कारण नुसता 'दोन' लिहिला तर तीन मुलांचा बाप येऊन म्हणेल, साहेब, मला दोन आहेतच, वर एक. ज्याला किमान म्हणायचं असतं तो 'किमान दोन' लिहितो. दाव्यात 'किमान' हा शब्द घालायला शाई लागत नव्हती. तो घातला असता तर परीक्षकाने कदाचित आणखी जुने कागद समोर ठेवले असते. शब्द न घालून जी तपासणी टळली, तिचं फळ नंतर कोर्टाकडून मागता येणार नाही.

हेतू बघून अर्थ लावणं ही पद्धतच वाईट, असं आम्ही म्हणत नाही. तिचा उगम १९८० च्या ब्रिटिश निकालात आहे, कॅटनिक कंपनीच्या. दारा-खिडकीवर ठेवायच्या पोलादी लिंटेलचं पेटंट होतं. दाव्यात म्हटलं होतं की मागची पट्टी 'उभी' असेल. प्रतिवादीने ती सहा किंवा आठ अंशांनी तिरकी केली आणि म्हणाला, आमची उभी नाही. न्यायालयाने म्हटलं, हा शब्द भूमितीच्या मास्तरासाठी लिहिलेला नाही, बांधकाम करणाऱ्यासाठी लिहिला आहे. आपला गवंडी ओळंबा लावतो, भिंतीचं काम भागलं की म्हणतो, 'आहे ओळंब्यात.' तो अंश मोजत बसत नाही. त्या अर्थाने तिरकी पट्टीही उभीच. हा निकाल आम्हाला पटतो. पण त्याच निकालात असंही आहे की लिहिणाऱ्याने एखादी अट काटेकोर म्हणून घातली आहे असं जाणकार वाचकाला वाटत असेल, तर ती सैल करता येत नाही. 'उभं' ह्या शब्दाला कड असते. मोजून लिहिलेल्या संख्येला ती कड फार थोडी असते. कोणताही मेकॅनिक तीन व्हॉल्व्हचं इंजिन उघडून 'हे दोन व्हॉल्व्हचं' म्हणणार नाही. ज्या निकालाने गवंड्याला विचारलं, त्याचं नाव घेताना मेकॅनिकला विचारायचं राहून जाऊ नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शब्दाला शब्द लावून वाचलं तर चोरांचं फावतं. एकाने दहा वर्षं खपून यंत्र काढायचं, आणि दुसऱ्याने त्यात एक खिळा जास्त ठोकून म्हणायचं, माझं वेगळं. ही भीती खरी आहे. छोट्या संशोधकाला तर ती जास्त आहे, कारण त्याच्याकडे दावा लिहायला महागडा वकील नसतो. म्हणून क्षुल्लक फरकाला फरक मानू नये, इथपर्यंत आम्ही बरोबर आहोत. पण क्षुल्लक कशाला म्हणायचं? आमची कसोटी अशी : जो बदल लिहिणाऱ्याला त्या वेळी सहज दिसत होता आणि तरी त्याने शब्द नेमका ठेवला, तो बदल नंतर क्षुल्लक म्हणता येत नाही. आपल्या कायद्याचं कलम ५९ ह्याच वृत्तीचं आहे. दाव्यात दुरुस्ती करता येते, पण दुरुस्त दावा आधीच्या दाव्याच्या आतच राहिला पाहिजे. आवळता येतो, सैल करता येत नाही. कायदा जे हाताने करू देत नाही, ते अर्थ लावण्याच्या मागच्या दाराने कसं करू द्यायचं?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही वृत्ती एकदा स्पष्ट बोलून दाखवली आहे. १ एप्रिल २०१३ चा नोव्हार्टिसचा निकाल, न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांचा. रक्ताच्या कर्करोगावरचं औषध, ग्लिव्हेक. कंपनी म्हणत होती की आमच्या जुन्या पेटंटने हा क्षार व्यापला आहे, पण उघड केलेला नाही, म्हणून त्याच्या पुढच्या रूपावर नवं पेटंट द्या. आणि हीच कंपनी त्या जुन्या पेटंटच्या जोरावर ब्रिटनमध्ये नॅटको कंपनीला त्याच औषधाबद्दल नोटीस देऊन बसली होती. न्यायालयाने हे दोन मापांचं गणित मान्य केलं नाही. दावा जितकं व्यापतो आणि वर्णन जितकं उघड करतं, ह्यांत मोठी दरी असावी, पेटंटची रुंदी शोधाच्या मोलावर न ठरता वकिलाच्या लेखणीवर ठरावी, अशा दिशेने आपला कायदा जाऊ नये, असा त्या निकालाचा आशय आहे. औषधाच्या खटल्यात हे सांगितलं म्हणून ते औषधापुरतं नाही. इंजिनाला आणि सीटच्या दिव्यालाही ते लागू आहे.

आता शेवटचा मुद्दा, जो सुरुवातीला सांगायचा ठेवला होता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादा मुलगा वर्कशॉप चालवतो. त्याला ट्रॅक्टरच्या सीटखाली दिवा लावायचा आहे, रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला उतरताना पाय कुठे पडतो ते दिसावं म्हणून. विंचूकाट्याचे दिवस असतात. कोणी त्याला सांगतं, ह्यावर पेटंट असेल, बघून घे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कागद फुकट वाचता येतात. पण आपल्याकडे हे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत असतात, मराठीत नसतात. तो पोरगा शब्दकोश घेऊन इंग्रजी दावा वाचतो. 'सीटच्या गादीत बसवलेला दिवा' असं त्यात आहे. आपण तर चौकटीखाली फरशीवर बसवतोय, म्हणून तो कर्ज काढतो आणि साचा बनवतो. दोन वर्षांनी नोटीस येते की शोधाचं सार पायाजवळच्या उजेडात आहे, गादी बिनमहत्त्वाची. त्या पोराने काय करायचं होतं? त्याच्या हातात शब्दाखेरीज काय होतं? मोठी कंपनी मद्रासला आणि दिल्लीला बारा वर्षं भांडू शकते, एका प्लगची गाडी काढून मधला काळ निभावू शकते. हा निभावू शकत नाही. दाव्याचे शब्द ही बाहेरच्या माणसाला दिलेली सूचना आहे, आणि जो सूचना लिहितो त्याच्या मोघमपणाची किंमत वाचणाऱ्याने मोजायची, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमचं मागणं तीन ठिकाणी आहे. परीक्षकाकडे : शब्द ओला आहे तोवर व्यापक वाचा, पण वर्णन उघडून वाचा, 'वाजवी' विसरू नका. न्यायालयाकडे : मंजूर झाल्यावर प्रत्येक पदाचं काम विचारा, आणि पेटंट वाचवताना जे माप लावलं तेच भंग ठरवताना लावा. आणि संशोधकाकडे, विशेषतः इथल्या पोरांकडे : दावा लिहिताना वकिलाशेजारी बसा, आणि एकेका शब्दावर बोट ठेवून विचारा, हा इथे कशाला?

पुढच्या वेळी येताना एखाद्या पेटंटच्या दाव्याचं छापील पान घेऊन या. कोणतंही चालेल, पेरणी यंत्राचं, पंपाचं, सीटचं. आपण इथेच फळ्यावर त्याचं पदकृत्य करू. आता तुमचे प्रश्न घेऊ.